ऑफरोडिंगवाल्यांचे वाद नेमके कशावरून होतात?

वाळवंटात वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस सांगतो की टायर रुंद हवा आणि मऊ हवा. चिखलाच्या रानवाटांवर शिकलेला सांगतो की टायर अरुंदच हवा, वरचा राडा कापत तो खालच्या घट्ट जमिनीला टेकला पाहिजे. खडकांवर चढणारा म्हणतो, रुंदी राहू द्या, आधी टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, किती जाड आहे ते बघा, कारण टायर फाटतो तो तिथेच. तिघंही स्वतःच्या हाताने शिकलेलं बोलत असतात, तिघांचंही खरं असतं, आणि तरी तिघांचं कडाक्याचं भांडण होतं. कारण तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळ्या जमिनी असतात आणि बोलण्यात त्यांतली एकही येत नाही.

ऑफरोडिंगचा, म्हणजे पक्का रस्ता सोडून गाडी चालवण्याचा, नाद नव्याने लागलेला माणूस यात गोंधळून जातो. कोणाचं ऐकावं हे कळत नाही, मग सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याचं ऐकलं जातं आणि नको त्या वस्तू गाडीवर चढतात. म्हणून हे वाद जरा उलगडून बघायला हवेत. नीट ऐकलं तर गाडी जमिनीवर कशी चालते हे त्यांतूनच सगळ्यात चांगलं कळतं, असा माझा अनुभव आहे. पुष्कळसे वाद जमीन सांगितली की मिटतात. काही आवडीनिवडीचे असतात, ते मिटायची गरजही नसते. पण एक वाद असा आहे की तो वाद म्हणून ऐकून घेणंच मला मान्य नाही. त्याकडे पुढे येतो.

उचललेलं चाक

सगळ्यात जास्त गैरसमज डिफरन्शिअलबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथून. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यांतल्या एकाला फरफटत जावं लागेल. डिफरन्शिअल, म्हणजे सगळे म्हणतात ते डिफ, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. रस्त्यावर ही सोय उत्तम. मात्र साधं डिफ दोन्ही बाजूंना कायम सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. एक चाक हवेत उचललं गेलं की ते फिरवायला जवळपास काहीच जोर लागत नाही. आणि हवेतल्या चाकाला जेवढा जोर, तेवढाच जमिनीवरच्या चाकाला. म्हणजे त्यालाही जवळपास काही नाही. इंजिन ओरडतं, एक चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही.

फोर बाय फोर असली तरी हेच होतं. खड्ड्यांच्या चढावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं झालं की पुढचा जोरही वाया आणि मागचाही. ‘चारही चाकं फिरतात ना, मग अडकली कशी?’ हा नवख्याचा प्रश्न इथूनच येतो.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांचे दोन पक्ष आहेत. पहिला उपाय डिफ लॉक, म्हणजेच लॉकर. तो दोन्ही चाकं एकमेकांना जखडून टाकतो, मग एक हवेत असलं तरी दुसरं तेवढ्याच वेगाने फिरतंच. दुसरा उपाय ब्रेकवर चालणारा ट्रॅक्शन कंट्रोल. नुसतंच फिरणारं चाक संगणकाच्या लक्षात येतं, त्या एका चाकाला तो ब्रेक लावतो, चाकाला विरोध मिळतो आणि डिफच्या स्वभावानुसार तेवढाच जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडेही जातो. सुमारे ११०० किलोची सुझुकी जिम्नी याच युक्तीवर भलभलत्या ठिकाणी जाते. उलट २००३ पासूनच्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर असतात आणि मर्सिडीज जी-क्लासमध्ये पुढे, मध्ये, मागे असे तीन.

लॉकरवाले म्हणतात की ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरल्यानंतर जागा होतो, लॉकर घसरूच देत नाही. हे खरं आहे. खडकावर तर हा फरक फार मोठा, कारण गरगर फिरणारं चाक अचानक खडकाला पकडतं तेव्हा एक्सलचा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटू शकतो. पण ट्रॅक्शन कंट्रोल ‘काही कामाचा नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो नीट वापरलेलाच नसतो. चाक फिरायला लागलं की घाबरून ते अॅक्सिलरेटर सोडतात. ब्रेकला काम करायला एक-दोन सेकंद द्यावे लागतात, पाय एका जागी स्थिर ठेवावा लागतो. चाकं हळू फिरत राहिली की गाडी निघते.

आणि लॉकरवाले एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. आडव्या उतारावर, ओल्या मातीत, दोन्ही चाकं जखडलेली असली की दोन्ही एकदम घसरतात आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला सरकायला लागतो. साधं डिफ असतं तर एक चाक फिरलं असतं आणि दुसऱ्याने गाडी आडवी धरून ठेवली असती. पुढचा लॉकर लावल्यावर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, ते वेगळंच. म्हणून लॉकर जिथे लागतो तिथेच लावायचा आणि काम झालं की काढायचा.

अखंड एक्सल की सुटी चाकं

सगळ्यात जुना आणि सगळ्यात भावनिक वाद हा. १९४१ च्या विलीज जीपला आणि १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरला पुढे-मागे अखंड एक्सल होते. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच लोखंडी तुळई, मध्ये डिफचा फुगीर गोळा, आणि वर पाट्यांच्या स्प्रिंगा. १९७० च्या रेंज रोव्हरने पाटे काढून कॉइल स्प्रिंगा बसवल्या, एक्सल मात्र अखंडच ठेवले. इंडिपेन्डन्ट सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं आणि डिफ गाडीच्या अंगाला वर बांधलेलं असतं.

आता जमिनीवर काय होतं ते बघा. अखंड एक्सलचं एक चाक दगडावर चढून वर ढकललं गेलं की तराजूसारखं दुसरं चाक खाली दाबलं जातं. दोन्ही चाकं जमीन सोडत नाहीत. शिवाय सस्पेन्शन कितीही दबलं तरी डिफचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो चाकांच्याच पातळीला अडकवलेला आहे. इंडिपेन्डन्टमध्ये गाडी दबली की पोटाबरोबर डिफही खाली येतं, नेमकं नको तेव्हा. हळूहळू खडक चढायचे असतील तर अखंड एक्सलच सरस, यात मला तरी शंका नाही.

पण तीच गाडी खडबडीत मातीच्या वाटेवर ताशी ८० किलोमीटरने चालवून बघा. तुळई, डिफ, चाकं असं सगळं वजन स्प्रिंगांच्या खाली लटकलेलं असतं आणि एका चाकाला बसलेला धक्का थेट दुसऱ्याला जातो. गाडी उड्या मारते, स्टिअरिंग भटकतं. वाळवंटी शर्यतींतल्या ट्रकांना पुढच्या बाजूला लांब आर्म असलेलं इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन असतं ते याचसाठी. त्या ट्रकांना ‘शहरी गाड्या’ कोण म्हणेल?

इतकं स्पष्ट असूनही वाद शमत नाही, कारण इथे गाडीपेक्षा ओळखीचा प्रश्न मोठा आहे. १९९८ मध्ये टोयोटाने लँड क्रूझर १०० ला पुढे इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन दिलं, तेव्हा अखंड एक्सलवाल्या ग्राहकांसाठी काही बाजारांत १०५ नावाची वेगळी गाडी ठेवावी लागली. २०१८ मध्ये जी-क्लासचा पुढचा अखंड एक्सल गेला. लँड रोव्हरची जुनी डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये नवी आली ती चौकटीशिवायची, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा नसलेली, आणि चारही चाकं सुटी असलेली. जुन्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. त्यांच्यासाठी २०२२ पासून इनिऑसची ग्रेनेडिअर बनू लागली, चौकटीवरची आणि पुढे-मागे अखंड एक्सल असलेली. ‘खरी फोर बाय फोर’ कोणती, या एका प्रश्नावर एक अख्खी कंपनी उभी राहिली.

हा ‘खरेपणा’ किती दूर जातो याचं माझं नेहमीचं उदाहरण म्हणजे १९८७ च्या मॉडेलची जीप रँग्लर वायजे. तिला चौकोनी हेडलाइट होते. चढ-उतार, चिखल, पाणी यांच्याशी दिव्यांच्या आकाराचा काडीचा संबंध नाही. तरी जीपवाल्यांनी तिला आपलं म्हणायला वर्षं लावली आणि पुढच्या पिढीत कंपनीने गोल दिवे परत आणले. हे हसण्यावारी नेऊ नये. माणसं गाडीत आपल्या आठवणी, आपली माणसं, आपल्या वाटा बघत असतात. फक्त हा वाद आपुलकीचा आहे हे मान्य करायचं आणि त्याला यंत्रशास्त्राचा मुलामा द्यायचा नाही.

जुन्या गाड्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र पक्का आहे. माणसं नसलेल्या प्रदेशात गाडी बिघडली तर काय दुरुस्त करता येईल? पाना-हातोडीने उघडता येणारी वस्तू आणि संगणक जोडल्याशिवाय न बोलणारी वस्तू यांत तिथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्यांना एकट्याने दूर जायचं असतं त्यांची ही भीती खरी असते, तिला जुनाटपणा म्हणणं चूक आहे.

गाडी उंच करण्याबद्दल एवढंच सांगतो. लिफ्ट किटने अंग वर जातं, गाडीचं पोट आणि पुढचे-मागचे कोन सुधारतात. पण अखंड एक्सलचा डिफ त्याने एक इंचही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो, तोही निम्माच: टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर डिफखालची जागा एक इंचाने वाढते. बदल्यात गाडीचं गुरुत्वकेंद्र वर जातं आणि आडव्या उतारावर ती लवकर कलंडते.

हवा किती ठेवायची

मला विचाराल तर टायरमधली हवा कमी करण्याइतका परिणाम दुसऱ्या कुठल्याच बदलाचा होत नाही. आणि तिला पैसाही लागत नाही. तरी यावर भांडण आहेच.

हिशोब सोपा आहे. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब. दोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर साधारण ५०० किलो, म्हणजे सुमारे ११०० पौंड भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर हा भार पेलायला जमिनीवर सुमारे ३४ चौरस इंच टायर टेकलेला हवा. हवा १६ वर आणली की तोच आकडा ६९ च्या आसपास जातो. साइडवॉल स्वतःही थोडा भार घेते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी असते, पण दिशा हीच. महत्त्वाचं म्हणजे ही वाढ मुख्यतः लांबीत होते, रुंदीत फारशी नाही. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो. वाळूत तो रुतण्याऐवजी वर राहतो आणि खडकावर दगडाच्या आकाराप्रमाणे स्वतःला वाकवून घेतो. आइसलंडच्या हिमनद्यांवर ३८ ते ४४ इंची टायर लावून दोन-तीन पीएसआयवर गाड्या चालवतात त्या याच तत्त्वावर, मऊ बर्फात बुडू नयेत म्हणून.

हवा कमी करू नका असं म्हणणारेही निराधार बोलत नाहीत. कमी हवेवर वेगाने गेलं की साइडवॉल सतत वाकून तापते आणि टायर फुटू शकतो. जोरात वळलं तर टायर रिमवरून निसटतो. धारदार दगडांत फुगलेली कड बाहेर येते आणि कापली जाते. म्हणजे हवा कमी केली की वेगही कमी करायचा, आणि पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा भरायची. ज्याच्याकडे कंप्रेसर नाही त्याने हवा सोडू नये, या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

रुंद की अरुंद याचं उत्तर यातच दडलेलं आहे. खाली घट्ट थर असेल तर अरुंद टायर त्याच्यापर्यंत पोचतो आणि पकड मिळवतो. खाली काही नसेल, नुसती वाळू किंवा कमरेइतका बर्फ असेल, तर पोचण्यासारखं काही नसतं, तिथे वर तरंगायलाच हवं.

गिअर ऑटोमॅटिक की मॅन्युअल हा वाद मला आता संपलेला वाटतो. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीला इंजिनचा जोर वाढवून देतो आणि चढावर अर्ध्यात थांबून पुन्हा निघताना क्लच जळत नाही. मॅन्युअल उतारावर इंजिनने गाडी जास्त नेमकी रोखून धरतो आणि त्यात बिघडणारे भाग कमी. २०१८ च्या पिढीच्या रँग्लर रुबिकॉनचा लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त जोर आणि कमी वेग देणाऱ्या गिअरांत, पहिल्या गिअरचा एकूण रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या किती फेऱ्या) मॅन्युअलला सुमारे ८४ आणि ऑटोमॅटिकला सुमारे ७७ येतो. दोन्ही मुंगीच्या पावलाने चालतात.

इलेक्ट्रिकचा वाद मात्र आत्ता कुठे सुरू झालाय. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असली की डिफ आणि लॉकर यांचा प्रश्नच उरत नाही, जोर लागेल त्या चाकाला लागेल तेवढा देता येतो. २०२४ च्या इलेक्ट्रिक जी-क्लासला अशा चार मोटरी आहेत आणि ती ८५ सेंटीमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, इंजिनवाल्या जी-क्लासपेक्षा १५ सेंटीमीटर जास्त. पण तिचं वजन तीन टनांच्या वर आहे आणि मऊ जमिनीला वजन आवडत नाही. डिझेल कॅनमध्ये भरून गाडीवर लादता येतं, वीज तशी नेता येत नाही. जवळच्या खडकाळ वाटेसाठी इलेक्ट्रिक, आठवडाभराच्या निर्जन प्रवासासाठी डिझेल, असं आज तरी माझं मत आहे.

जिथे मतभेदाला जागा नाही

रुतलेली गाडी ओढून काढणं, ज्याला सगळे रिकव्हरी म्हणतात, त्यातही दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो नीट आकडे (हुक), नीट दोर, माणसं लांब. दुसरा म्हणतो, ‘आम्ही वर्षानुवर्षं टो बॉलला पट्टा अडकवून ओढतोय, आजवर काही झालं नाही.’ यातला दुसरा पक्ष चुकीचा आहे.

टो बॉल म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा. तो ट्रेलरच्या संथ ओढीसाठी बनवलेला असतो. रिकव्हरीचा कायनेटिक दोर नायलॉनचा, तो रबरासारखा ताणला जातो. ओढणारी गाडी थोडा वेग घेते, तिची ऊर्जा दोरात साठते आणि मग तो ताण रुतलेल्या गाडीला हलकेच उपसून काढतो. ही ऊर्जा किती? अडीच टनांची गाडी ताशी १० किलोमीटरने निघाली तर सुमारे ९६०० जूल. एवढ्यात तीच गाडी जमिनीपासून ४० सेंटीमीटर वर उचलता येईल. ताशी २० केली की ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते: दीड मीटरहून जास्त उचलण्याइतकी. त्या क्षणी टो बॉल तुटला तर साठलेल्या ऊर्जेतली बरीचशी त्या लहानशा लोखंडी गोळ्यात जाते आणि तो दोराच्या रेषेत, म्हणजे सरळ दुसऱ्या गाडीच्या काचेच्या दिशेने, सुटतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेली आहेत.

‘आजवर काही झालं नाही’ याचा अर्थ एवढाच की आजवर धातू तुटला नाही. धातू दर झटक्याला थोडा थोडा थकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून चौकटीला बोल्टने बसवलेला, रिकव्हरीसाठीच ठरवून दिलेला आकडा वापरायचा. दोरावर जड कापड किंवा डॅम्पर, म्हणजे उसळी दाबणारं वजन, टाकायचं, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट मागे उभं करायचं. दोन पट्टे लोखंडी शॅकलने, म्हणजे जोडकडीने, जोडायचे नाहीत, कारण एक पट्टा तुटला की शॅकलचीच गोळी होते. आणि झटका देण्याआधी फावड्याने चाकांपुढची माती काढायची. बऱ्याचदा दहा मिनिटं खणलं की दोर लागतही नाही.

विंचला, म्हणजे गाडीवरच्या दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला, स्टीलची तार की सिंथेटिक दोर, यावर मात्र खुशाल वाद घाला. सिंथेटिक हलका असतो आणि तुटला तर कमी उसळतो, पण ऊन आणि धारदार खडक त्याला खातात. स्टील दगडाला जुमानत नाही, पण त्याची एखादी तुटकी काडी हाताचा तळवा फाडते.

वाट कोणाची

शेवटचा वाद सगळ्यात कठीण, कारण तो गाड्यांचा नाहीच. जायचं कुठे आणि कुठे नाही?

आइसलंडमध्ये रस्ता सोडून गाडी घालणं कायद्याने बंद आहे, कारण तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकोरी भरून यायला दशकं लागतात. अमेरिकेत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा वाहनांना कोणत्या वाटा खुल्या आणि कोणत्या बंद ते ठरवण्याचा आदेश दिला. युटाच्या वाळवंटात मातीवर जिवंत जंतू, दगडफूल आणि शेवाळ यांची काळी खपली असते, ती वाळू धरून ठेवते. तिच्यावरून एकदा चाक गेलं तरी ती मोडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने अनेक जुन्या मातीच्या वाटांवरचा मोटारींचा हक्क गेला आणि तिथले हौशी चालक अजून एकमेकांना दोष देतात. संथ जाणारे म्हणतात, मोठे मड टायर लावून चिखल उडवणाऱ्यांमुळे वाटा गेल्या. मड टायरवाले म्हणतात, आम्ही नसतो तरी त्या जाणारच होत्या.

माझा कल संथ जाणाऱ्यांकडे आहे. पण इथे एक गोष्ट दोन्ही बाजूंना अनपेक्षित वाटते. ‘जास्त सामान लावलेली गाडी जास्त नुकसान करते’ हे समीकरण बरोबर नाही. माती उकरतं ते फिरून घसरणारं चाक. लॉकर लावून, हवा कमी करून, लो रेंजमध्ये मुंगीच्या गतीने गेलेली गाडी मागे उथळ ठसा सोडते. तीच वाट साध्या डिफच्या गाडीने वेग घेऊन मारली तर घोटाभर खोल चर पडतो आणि पुढच्या पावसात त्याचा ओढा होतो.

चिखलाच्या डबक्याचंही तसंच. पहिल्यांदा येणारा माणूस डबक्याला वळसा घालून गवतावरून जातो, त्याला ते सभ्यपणाचं वाटतं. मागून येणारे त्याच्या चाकोरीवरून जातात, तीही मऊ होते, मग पुढचा आणखी बाहेरून जातो. एका गाडीच्या रुंदीची वाट बघता बघता पाच गाड्यांएवढी होते आणि मधलं गवत जातं. डबक्याची खोली काठीने मोजून, जमत असेल तर मधूनच जायचं, आणि जमत नसेल तर परत फिरायचं. परत फिरलेल्या चालकाला जुने चालक कमी लेखत नाहीत, हे नव्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवं.